आईच्या हातचा घास

वैशूचं दूध तोडायचं ठरलं ते अंगणवाडीच्या वजनकाट्यामुळे. पोरीला दोन वर्षं पुरी व्हायला एक महिना उरला होता आणि काटा काही साडेआठ किलोच्या पुढे सरकत नव्हता. अंगणवाडीच्या बाईंनी कार्डावर टिंब काढलं आणि तिच्या आईकडे, निशिगंधाकडे पाहून विचारलं, "हे काही खाते का नाही?"

खाते कसली! दिवसभर आईच्या पदराखाली, आणि वरणभाताची वाटी पुढे आली की तोंड फिरवून मोकळी. घरी आल्यावर सासूबाईंनी, विजयमालाबाईंनी, उंबऱ्यातच निकाल देऊन टाकला. मुकुटबनात त्यांच्या गल्लीतली अर्धी पोरं त्यांच्या सल्ल्यानं वाढलेली, त्यामुळे त्यांच्या निकालावर अपील नसे.

"अंगावर पेऊन राह्यली तोवर हे पोट्टी भाताले शिवत नाही. तोडून टाक. पाला मी आणतो."

कडुनिंबाचा पाला सासूबाईंनी आणला, पण वाटला निशिगंधानं आणि छातीला लावूनही घेतला तिनंच. वैशू नेहमीसारखी धावत आली, हक्कानं मांडीत शिरली, आणि दुसऱ्याच क्षणी तोंड उघडं टाकून मागे सरली. ती लगेच रडली नाही. आधी तिनं मान वर करून आईच्या तोंडाकडे पाहिलं. ते पाहणं निशिगंधाला पुढे कितीतरी दिवस पुरलं. तिसऱ्या दिवशी पोरगी दुरूनच बघत उभी राहिली आणि चौथ्या दिवशी आलीच नाही.

"सुटली बाप्पा!" विजयमालाबाई म्हणाल्या. घरभर आनंदीआनंद. निशिगंधा मात्र छातीला कापड घट्ट बांधून, दात आवळून आठ दिवस धुणीभांडी करत होती. दुखणं गेलं, गाठी विरल्या, दूध आटलं. तिला वाटलं, संपलं सगळं.

संपलं नव्हतं. भूक तशीच राहिली. दोन वर्षं घरात तिचं ताट सगळ्यांच्या आधी वाढलं जायचं, अळिवाची खीर व्हायची, डिंकाचे लाडू डब्यात असायचे. आता डबा रिकामा झाला तो कुणी पुन्हा भरला नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं. पाजणारीसाठी करायचं ते आता कुणासाठी करणार, एवढंच. पण पोटाला हे कोण सांगणार? दुपारचे चार वाजले की तिच्या पोटात खड्डा पडे आणि ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सकाळची भाकर तेल-तिखटाशी खाऊन टाकी. खाल्लं की स्वतःचाच राग येई. मग दोन दिवस काही खाऊ नये असं ठरवी आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट खाई.

आणि रडू! त्याला तर काळवेळ नव्हता. दूध उतू गेलं, रडू. बाजूच्या घरचं वासरू हंबरलं, रडू. नवरा, अक्षय, बिचारा कापसाच्या वावरातून दमून यायचा आणि दारातच थबकायचा.

"का झालं वो?"

"काही नाही."

"मंग रडून काहून राह्यली? पोरगी जेवते न आता मस्त?"

जेवत होती. आजीच्या हातून जेवत होती. हेच तर होतं. निशिगंधानं घास केला की वैशूचे ओठ शिवल्यासारखे मिटत. "कडू," ती म्हणे. तिच्या मोजक्या शब्दांत हा एक नवा, आणि उच्चार असा स्वच्छ की कुणालाही कौतुक वाटावं. गूळ दिला, कडू. केळं सोलून दिलं, कडू. तेच केळं आजीनं हातात घेतलं की गोड. पोरीनं काही चूक केली नव्हती. आईपाशी जे मिळालं तेच ती सांगत होती.

मग निशिगंधा तिला दाखवू लागली. "हे पाय, आई खाते. गोड हाये." एक घास स्वतःच्या तोंडात, मग एक पोरीपुढे. वैशू मोठ्या उत्सुकतेनं आईला खाताना बघे. आईचा दुसरा घास, तिसरा घास. वाटी संपून जाई. पोरीच्या पोटात शीत नाही आणि हिचं मात्र तूप घातलेला भात खाऊन पोट टम्म. अशाच एका दुपारी विजयमालाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"अवं, पोरीच्या वाटीतलं कायले खातं? गंजात भात हाये न अजून."

त्या मायेनंच बोलल्या होत्या. निशिगंधाला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरकटं तोंड पुसायचंही तिला सुचलं नाही.

पुढच्या महिन्यात काटा नऊ किलोवर गेला. अंगणवाडीच्या बाईंनी कार्ड हातात दिलं आणि म्हणाल्या, "वा, आईनं मेहनत घेतली!" निशिगंधा हसली. ज्यासाठी हे सगळं केलं ते झालं होतं, लेक बाळसं धरत होती, आणि तिच्यासारखी करंटी आई त्यावरही रडत होती. असं ती स्वतःलाच बोलून घेई. त्यानं रडू थांबत नसे.

घरी आल्यावर मात्र तिचा धीर सुटला. चुलीपाशी बसून तिनं सासूला सांगून टाकलं, "आई, ते माह्या हातचं खात नाही. मले कडू म्हणते."

विजयमालाबाईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. त्यांच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. पोरगी खाते ना, मग हात कुणाचा हे कोण बघतं? त्या म्हणाल्या, "थांब. मी सांगतो तिले. माहं ऐकते ते."

वैशूला पाटावर बसवलं. आजी समोर, आई बाजूला. भात मऊ कालवलेला, वर तूप. "वैशू, आईच्या हातून खाजो बरं. शहाणी न तू? आजीसाठी एक घास."

वैशूनं आजीकडे पाहिलं, आईच्या हाताकडे पाहिलं. आणि पोरीनं खरंच तोंड उघडलं.

पण त्याआधी तिनं डोळे गच्च मिटून घेतले. दोन्ही मुठी आवळल्या, खांदे कानापाशी नेले आणि तापाचं औषध घेताना ताठ बसते तशी ताठ बसली. निशिगंधानं घास भरवला. वैशूनं तो चावला नाही, एकदम गिळून टाकला. मग डोळे उघडून तिनं आजीला विचारलं, "झालं?"

"झालं हो माय, झालं," आजी म्हणाली.

वैशू उठून आजीच्या मांडीवर जाऊन बसली. निशिगंधाच्या हातात दुसरा घास तयार होता.