एक्स्पोसितो आडनावाचा माणूस

ग्रिसेल्दा इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करत होती, तेवढ्यात दारात एक अनोळखी म्हातारी येऊन उभी राहिली.

"एक्स्पोसितो इथंच राहतात ना?"

"मीच. या आडनावाची एकटीच उरलेय."

"एकटी नाही," म्हातारी म्हणाली. "माझा मुलगा आहे ना."

ग्रिसेल्दाचे आजोबा तान्हे असताना मठाच्या दाराशी सापडले होते. अशा सगळ्या पोरांना तिथल्या जोगिणी हेच आडनाव लावत. एक्स्पोसितो, म्हणजे उघड्यावर टाकलेला. शाळेत पोरं तिला उकिरड्यावरची म्हणायची. ठरलेलं लग्नही या आडनावापायीच मोडलं. आपल्याबरोबर हे संपेल तर बरं, असंच तिला वाटायचं.

आमच्या गावाला माग्दालेना नदी मढी आणून देते. वरच्या अंगाला कोण कुणाला मारून पाण्यात टाकतं, ते आम्ही विचारत नाही. बेवारस मढी दफनभूमीच्या भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवतात. मग गावातलं कुणीतरी एकाला आपलं मानतं, कोनाडा रंगवतं, नाव देतं. गेल्या वर्षी ग्रिसेल्दानेही एकाला घेतलं. तोंडही न पाहता त्याला आपलं आडनाव दिलं: एवेलियो एक्स्पोसितो.

त्या आठवड्यापासून भर दुपारी, इस्त्री केलेल्या कपड्यांवर ओल्या पंजाचा ठसा उमटू लागला. चार बोटांचा. ती भ्यायली नाही. घरात दुसरं कुणीतरी असण्याची तिला हळूहळू सवय झाली.

म्हातारीचं नाव एदिल्मा क्वाद्रादो. मुलगा नेल्सन सहा वर्षं बेपत्ता होता.

"स्वप्नात त्याला हाक मारली, तर वळेचना," ती सांगू लागली. "म्हणाला, आई, इकडं मला एक्स्पोसितो म्हणतात. काठावरची अकरा गावं विचारत आले, बाई."

आपल्याला काहीच ठाऊक नाही, असं सांगून टाकावं, असं ग्रिसेल्दाच्या मनात आलं होतं.

"उसाच्या चरकात त्याची करंगळी गेलेली," एदिल्मा म्हणाली.

ग्रिसेल्दाने ढिगातली वरची उशीची खोळ काढून तिच्यासमोर धरली. ठसा अजून ओला होता. म्हातारीने त्यावर आपला हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

पाद्रीबाबांच्या परवानगीने दुसऱ्या दिवशी कोनाडा उघडला. हाडं एका लाकडी पेटीत मावली. धक्क्यावर जाताना ग्रिसेल्दा एवढंच म्हणाली, की आता माझं आडनाव खोडून टाका, त्याला त्याचं आहे.

एदिल्मा पेटी घेऊन लाँचमध्ये चढली.

लाँचवाला वहीत उतारूंची नावं लिहीत होता, आमच्याकडच्या रीतीने दोन्ही आडनावांसकट, एक बापाचं आणि एक आईचं. म्हातारीने आपलं नाव सांगितलं, पेटी मांडीवर नीट घेतली आणि त्याला थांबवलं.

"अजून एक लिही. नेल्सन क्वाद्रादो एक्स्पोसितो. त्याच्या बापानं आडनाव दिलंच नव्हतं. जागा रिकामीच होती."

लाँचवाल्याने पेटीकडे पाहिलं आणि लिहायला घेतलं. ग्रिसेल्दा काठावर उभी होती. तिने त्याला आपल्या आडनावाची अक्षरं एकेक करून सांगितली.