बेंजोवरची अक्षरं

मी अमडापूरचा अर्जुनराव गोंधळी. भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. एका बाबतीत मात्र धाडस केलं. आज्याच्या तुणतुण्याशेजारी विलायती पेटी बसवली आणि मग मलकापूरच्या बाजारातून जपानी बेंजो आणला. आडव्या फळीवर तारा, त्यांच्यावर बटणं, प्रत्येक बटणावर जपानी अक्षर. एका हातानं बटण दाबायचं, दुसऱ्यानं तार छेडायची. म्हातारे म्हणाले, देवी कोपेल. देवी काही कोपली नाही. उलट लग्नाच्या गोंधळांना चार गावांहून बोलावणी यायला लागली.

मग जपानशी लढाई जुंपली. बाजारात आवई उठली की जपानी वस्तू घरात सापडली तर थेट जेल. त्यात गावातल्या कुणीतरी पुडी सोडली, अर्जुनरावाचा बेंजो म्हणजे तारायंत्र आहे, बटणं दाबली की बातमी जपानला जाते. दोन दिवस मला भाकर गोड लागली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सुरीनं एकूण एक अक्षर खरवडून काढलं.

"आता वाजवसान कसं?" माझी बायको मंजुळा म्हणाली.

खरंच होतं. माझी बोटं त्या अक्षरांच्याच भरवशावर चालायची.

त्याच दुपारी पोलीस जमादार भगवंतराव दारात उभे. हातात काठी. घरात येऊन त्यांनी बेंजो उलटासुलटा करून पाहिला.

"हे तारायंत्र होय म्हणतात. खरं काय बे?"

"नाही जी. वाजवाचं हाय."

"मंग वाजव."

पहिलं बटण चुकलं, दुसरंही चुकलं. निघाला तो नुसता खडखडाट, अगदी तारेच्या कचेरीतल्यासारखा. जमादारांच्या भुवया वर गेल्या. आपल्याच हातानं आपण जेलची वाट धरली, एवढंच कळत होतं.

मंजुळेनं तुणतुणं उचललं आणि देवीला हाक घालायला सुरुवात केली. मी डोळे मिटले. रोजचीच ती हाक. बोटं तिच्यामागे चाचपडत निघाली आणि तिसऱ्या ओळीला सूर सापडला. थांबायची छाती होईना, म्हणून वाजवतच राहिलो.

थांबलो तेव्हा जमादार बेंजोवर वाकले होते. त्यांनी बटणांवरून अंगठा फिरवला.

"इथं काय होतं?"

खोटं सुचलंच नाही. "जपानी अक्षरं होती जी. भेवानं खरवडली."

त्यांनी मागे वळून दार लोटून घेतलं. जमादार माझ्याजवळ उकिडवे बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "माह्या पोरीजवळ बाहुली हाय. पाठीवर जपानचं नाव कोरलं हाय, अन् उद्या साहेब घरी येऊन राह्यले. फेकली तर पोरगी रडन. तू कायनं खरवडलं, मले दाखव."

मी सुरी पुढे केली. ती सदऱ्यात लपवून त्यांनी आधी दार किलकिलं केलं आणि रस्त्यावर कुणी आहे का ते पाहिलं.