दुसरा ब्रेक

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. पण रस्ता मी कधी पाहिलेला नाही. माझ्या टाकीत इंधनाचा थेंब पडला नाही, की माझ्या चाकांना कधी चिखल लागला नाही. खऱ्या गाडीच्या लांबीचे चोवीस भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढी मी आहे. दोन तळहात जोडले की त्यात मावते. अंग प्लास्टिकचे आहे. छपरावरचा रंग घासून खालचा करडा थर दिसू लागला आहे आणि एका दाराभोवती बारीक तडे आहेत. पाहणाऱ्याला वाटते, हिची फार आबाळ झाली असावी. तसे नाही. ऐकाल, तर सांगते.

मी एका खोक्यातून आले. खोक्याच्या झाकणावर लालभडक गाडीचे चित्र होते; आत मात्र पांढऱ्या प्लास्टिकच्या चौकटींना माझे अवयव डहाळीला कच्ची फळे लटकावीत तसे लटकलेले होते. कुठे आरसा, कुठे अर्धे आसन, कुठे श्वासानेही उडेल असे स्टिअरिंग. मला घरी आणले ते एका चष्मेवाल्याने. त्याच्या दुकानामागे काचा घासायची अरुंद खोली होती. दुपारी दुकान दोन तास बंद असे, आणि त्या दोन तासांत तो भिंगाच्या दिव्याखाली बसून अशा लहान गाड्या जोडत असे. बोलणे त्याला कधी जमले नाही. गिऱ्हाइकाशीही तो नंबरापुरतेच बोले. त्याचे सारे मार्दव बोटांत साठले होते.

"जेवायला या हो," आतून त्याची बायको हाक मारी. "आणि हात धुऊन या, नाहीतर त्या गोंदानं घास तोंडाला चिकटून बसेल!"

तिचे नेलपॉलिश एकदा नाहीसे झाले आणि ते एका गाडीच्या मागच्या दिव्यांवर सापडले, तेव्हापासून ती प्रत्येक नवी गाडी संशयाने पाहत असे.

घरात तिसरे माणूस म्हणजे चष्मेवाल्याचे वडील. सारे त्यांना मास्तर म्हणत. ते शाळेतले नव्हेत. चाळीस वर्षे त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवले होते. त्यांची गाडी सायीच्या रंगाची होती. तिच्यात चालकाच्या शेजारच्या आसनापुढे, मास्तरांच्या पायाशी, दुसरा ब्रेक बसवलेला होता. शिकाऊ माणूस घाबरला की मास्तर एकच वाक्य म्हणत, "ब्रेक माझ्या पायाखाली आहे. तू समोर बघ." त्या वाक्याच्या भरवशावर निम्मे गाव गाडी चालवायला शिकले होते.

मी अजून खोक्यातच होते, तेव्हाची ही गोष्ट. मास्तरांनी एका सावलीला माणूस समजून भर रस्त्यात ब्रेक दाबला, आणि दोन दिवसांनी एका खऱ्या माणसासाठी तो दाबायला त्यांना उशीर झाला. माणूस वाचला, मास्तर हादरले. मुलाच्याच दुकानात ते डोळे दाखवायला आले. मी मागच्या खोलीत होते आणि मधली भिंत पातळ होती. मला सारे ऐकू आले.

"खालची ओळ वाचा."

"कुठली ओळ?"

"बरं, वरची तरी?"

"कडेकडेचं दिसतंय रे. ज्याच्याकडे बघावं तेवढंच पुसल्यासारखं होतं."

मग कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. त्यावर काय होते ते मला पुढे कळले. मोठ्या डॉक्टरांचे नाव आणि खाली एक ओळ : गाडी शिकवणे तूर्त बंद. ती चिठ्ठी त्याने टेबलावरून सरकवली. उठून त्यांच्याजवळ गेला नाही, खांद्यावर हात ठेवला नाही. मोठ्या डॉक्टरांनीही पुढे तेच सांगितले. पण मास्तरांच्या मनात ती ओळ मुलाच्याच अक्षरात राहिली.

त्यानंतर सायीच्या रंगाची गाडी भंगारवाला घेऊन गेला. बापलेकांत शब्द उरले ते मोजकेच. "मीठ." "दार लाव." "पंखा." सूनबाई दोघांच्या मधोमध बसून दोन्हीकडचे बोलत असे, आणि अधूनमधून वैतागून म्हणे, "मी काय टेलिफोनची तार आहे का?"

याच सुमारास एका दुपारी माझे खोके उघडले गेले.

मित्रांनो, झाकणावरच्या चित्राप्रमाणे मला घडवायचे नव्हते, हे मला पहिल्याच दिवशी कळले. चष्मेवाल्याने एक जुना फोटो दिव्याला टेकवून ठेवला होता. त्या फोटोतली गाडी माझ्याच जातीची, पण थोरली, आयुष्य पाहिलेली. त्याने माझ्या दिव्यांचा आकार कानशीने बदलला, बंपरवरची नको ती भोके पुट्टीने बुजवली, छपरासाठी 'शिकाऊ' अशी पाटी कापली. सायीचा रंग त्याने सात वेळा मिसळला आणि सहा वेळा टाकून दिला. मग चमच्याची पाठ गरम करून त्याने माझ्या मागच्या कोपऱ्यावर दाबली. मी दचकले. तो पोचा त्याला हवा होता. कारण सतराव्या वर्षी गाडी मागे घेताना त्यानेच ती दिव्याच्या खांबावर नेली होती. त्या दिवशी मास्तर रागावले नव्हते. "खांब जाग्यावर आहे ना? मग झालं," एवढेच म्हणाले होते.

मी तीन महिन्यांनी पूर्ण झाले. दारे अंगाशी सपाट चिकटवलेली, त्यांच्यावर रंग आरशासारखा. चष्मेवाल्याला बोलता येत नव्हते, म्हणून त्याने मला बोलायला पाठवले होते. पण मी कुणाशी आणि कसे बोलायचे, याचा विचार आम्हा दोघांनाही सुचला नाही.

अशा गाड्या जोडणाऱ्या शहरातल्या हौशी लोकांच्या मंडळाचे प्रदर्शन वाचनालयाच्या सभागृहात भरले. प्रत्येक गाडीपुढे पाटी होती : 'कृपया हात लावू नये.' चष्मेवाल्याचे अक्षर मोत्यासारखे, म्हणून सगळ्या पाट्या त्यानेच लिहिल्या होत्या. माझ्या छपरावर पहिल्या बक्षिसाची फीत टेकवली गेली. लोक वाकून पाहत, पाठीमागे हात बांधून वाहवा करीत. मला अभिमान वाटला, खोटे कशाला सांगू?

दुपारी सूनबाई मास्तरांचा हात धरून त्यांना घेऊन आली. मास्तरांनी मान तिरकी केली, मग दुसरीकडे केली. डोळ्यांच्या कडेने त्यांनी मला शोधायचा प्रयत्न केला. त्यांना काहीतरी सायीच्या रंगाचे दिसले असावे, कारण ते टेबलाजवळ सरकले. त्यांचा हात हळूच पुढे आला. त्या हातावरची प्रत्येक शीर मला दिसत होती.

"काका, हात नाही लावायचा!" मंडळाचे सेक्रेटरी लगबगीने आले. ते वाईट नव्हते. त्यांचे ते कामच होते. "बोटांचे ठसे उमटतात, रंगाचं फिनिश जातं."

मास्तरांनी हात मागे घेतला आणि कोटाच्या खिशात ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "हात न लावायच्या वस्तूंत आणखी एकीची भर."

चष्मेवाला दोन पावलांवर उभा होता. 'हे माझे वडील आहेत, ही त्यांची गाडी आहे' एवढेच त्याला म्हणायचे होते. ते म्हणण्याऐवजी त्याने वाकून माझ्यापुढची पाटी सरळ केली.

घरी मला काचेच्या पेटीत ठेवले गेले. मित्रांनो, पेटीत धूळ येत नाही, ऊन येत नाही, आवाजही अंगावर येत नाही. तीन आठवडे मी नव्यासारखी राहिले, आणि तसे एकटेपण मला खोक्यातही वाटले नव्हते.

अखेर एका रविवारी सकाळी सूनबाईने पेटीचे झाकण काढले. "ज्यांच्यासाठी केली त्यांना काचेतून काय दाखवताय? बाबा, हात पुढे करा." आणि तिने मला मास्तरांच्या ओंजळीत ठेवले. चष्मेवाला चहाचा कप हातात घेऊन दारातच थबकला.

मास्तरांची बोटे बॉनेटवरून निघाली. दिवे, आरसा, छपरावरची पाटी. गुळगुळीत रंगावरून ती मागच्या कोपऱ्यावर आली आणि थांबली. पुन्हा फिरली, पुन्हा थांबली.

"पोचा," ते पुटपुटले. मग मोठ्याने म्हणाले, "अरे, हा तुझा पोचा! खांबाचा!"

"हो, बाबा."

"ही माझी गाडी केलीस तू?"

"हो."

मास्तर हसले. कित्येक महिन्यांनी त्या घराने ते हसणे ऐकले. मग त्यांचे बोट शेजारच्या आसनाच्या दाराशी गेले, नखाने फट चाचपू लागले. दार हलले नाही.

"उघडत नाही?"

"चिकटवलंय, बाबा."

"मग मी बसू कुठून?" त्यांनी थट्टेने विचारले, पण लगेच आवाज बदलला. "आत माझा ब्रेक आहे ना?"

चष्मेवाल्याने कप खाली ठेवला. "नाही."

"विसरलास?"

"विसरलो नाही. फोटोत तो दिसत नव्हता. आणि मी... मी तो कधी नीट बघितलाच नाही, बाबा. तुम्ही म्हणायचात ना, तू समोर बघ. मी समोरच बघत राहिलो."

मास्तरांनी मला अलगद मांडीवर ठेवले.

"चाळीस वर्षांत," मास्तर हळूच म्हणाले, "माझं ऐकणारा एवढा एकच विद्यार्थी निघाला. आण तुझी हत्यारं."

पूर्ण झालेल्या, बक्षीस मिळालेल्या गाडीचे दार कापून काढायचे म्हणजे काय, हे त्या हौशी लोकांनाच ठाऊक. पाते एक केसभर सरकले तर आरशासारखा रंग तडकतो. चष्मेवाल्याने मला टेबलावर धरले, पात्याचे टोक दाराच्या रेषेवर ठेवले, आणि त्याचा हात थरथरू लागला. काचा घासताना कधी न थरथरलेला हात! मास्तर शेजारच्या खुर्चीवर होते. त्यांना ते दिसले नाही. पण टेबल थरथरलेले त्यांच्या कोपराला कळले. त्यांनी मुलाच्या दंडावर हात ठेवला. टेबलाखाली त्यांचा पाय थोडा पुढे सरकला आणि फरशीवर टेकला.

"ब्रेक माझ्या पायाखाली आहे," ते म्हणाले. "तू समोर बघ."

पाते चालले. रंग तडकला, थोडा नव्हे, चांगलाच. आणि कोणालाही त्याचे काही वाटले नाही. दार सुटून आले तेव्हा चष्मेवाल्याचे डोळे भरून वाहत होते आणि भिंगातून त्याला मास्तरांसारखेच पुसट दिसत असावे.

मग मास्तर सांगत गेले आणि तो करीत गेला. ब्रेक चपटा होता, चौकोनी नव्हे. रबर डाव्या कडेला झिजलेले. दाराला चष्म्याच्या काडीची बिजागरी बसली. ब्रेकच्या रबरासाठी मास्तरांनी आपला जुना चष्मा पुढे केला. "आता याचा उपयोग नाही. नाकावरची गादी काप याची." तीळभर तुकडा माझ्या आत बसला. मास्तरांनी दार उघडले, करंगळीचे नख आत नेले आणि त्या तुकड्यावर टेकवले.

"हां," ते म्हणाले. "आता ही गाडी रस्त्यावर न्यायला हरकत नाही."

त्यानंतर सहा वर्षे मी रोज संध्याकाळी त्यांच्या मांडीवर असे. छपरावरचा रंग गेला तो त्यांच्या अंगठ्याने. घरात बोलणे परत आले, सूनबाई म्हणे, "आता दोघांना गप्प बसवायला कुणाला बोलावू?"

मास्तर आता नाहीत. मी दुकानात, नंबर तपासायच्या टेबलावर असते. सेक्रेटरी एकदा म्हणाले, "पुन्हा रंगवून टाका हो, काय अवस्था झाली हिची!" चष्मेवाल्याने नकारार्थी मान हलवली, एवढेच.

कधीकधी एखादे माणूस खालची ओळ वाचू शकत नाही, वरचीही नाही. तेव्हा चष्मेवाला चिठ्ठी लिहीत नाही, आधी उठतो. खुर्ची ओढून त्या माणसाच्या शेजारी बसतो आणि मला त्याच्या हातात देतो. "डोळ्यांना राहू द्या जरा. हातांनी सांगा, काय आहे?" बोटे बॉनेटवरून निघतात, पोचा ओलांडतात, दार शोधतात. तोवर तो शेजारीच असतो. मग सांगायचे ते सांगतो.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. वस्तू जपा, स्वच्छ हातांनी धरा, आपटू नका, हे तर खरेच. पण ज्याच्यासाठी ती केली, त्याच्या हातापासून तिला जपू नका. आणि कधी या दुकानात आलात, तर दोन्ही हातांत मला घ्या, शेजारचे दार नखाने हलकेच उघडा. आत, अगदी खाली, तीळभर रबर लागेल. डाव्या कडेला ते झिजलेले आहे. जोरात दाबू नका; नुसते बोट टेकवा. तेवढे पुरते.