मागच्या बाकाचं मत

मित्रांनो, मी एक जुना लाकडी हातोडा आहे. खिळे ठोकायचा नव्हे. माझी जागा सभेच्या टेबलावर, आणि माझं काम एकच, बोलणाऱ्या माणसांना गप्प करायचं. हे काम मी नीट केलं. एकदा तर फारच नीट केलं, आणि तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म पेनिकट गावच्या समुद्रातला. तिथल्या जुन्या धक्क्याचा मी एक ओकचा खांब होतो. तीस वर्षं पाण्यात उभा होतो. बाकीचा खांब किड्यांनी खाल्ला, वरचा हातभर तुकडा तेवढा शाबूत राहिला. नवा धक्का बांधायला कॅप्टन ओबेद हॅलेट आले तेव्हा त्यांनी तो तुकडा सुताराकडून कातून घेतला. तोच मी. पण पाण्याची ओळख लाकडातून जात नाही. समुद्र चढू लागला की अजूनही माझं डोकं फुगतं आणि दांडा त्यात करकचून बसतो.

कॅप्टन सैन्यातले, पण बंदुकीपेक्षा त्यांच्या हातात दोरी आणि ओळंबाच जास्त असायचा. त्यांनी पूल बांधले, किल्ल्यांच्या भिंती उभ्या केल्या, दलदली कोरड्या केल्या. दलदलीतला ताप त्यांच्या अंगात कायमचा राहिला. थंडी भरली की उजवा अंगठा थरथरायचा, आणि तो अंगठा माझ्या दांड्यावर असल्यामुळे ते फक्त मला कळायचं.

तरुणपणी एका नदीकाठच्या गावात लोकांनी त्यांना सभेचं अध्यक्ष केलं होतं. अंगावर गणवेश आहे, म्हणजे सभा सांभाळता येईल, असं लोकांना वाटलं. विषय साधा होता, गावाची विहीर कुठे खणायची. अर्ध्या तासात बाकं हवेत उडाली आणि एका माणसाचा डोळा गेला. कॅप्टन घरी आले, बूट न काढता खुर्चीत बसले आणि बायकोला म्हणाले, "ड्रुसिला, पाण्याला बांध घालता येतो. माणसांच्या बोलण्याला का घालता येऊ नये?"

मग दोन हिवाळे बसून त्यांनी सभांच्या नियमांचं पुस्तक लिहिलं. एका वेळी एकच विषय. अध्यक्षांनी नाव घेतल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही. ठरावाला अनुमोदन हवं. मतं मोजायची, आणि हजर माणसं आणि मतं जुळली नाहीत तर मतदान रद्द.

"हे नियम जेवणाच्या टेबलावरही लागू का?" ड्रुसिलाबाई कागदांच्या नकला करता करता विचारायच्या. "मीठ हवं असेल तर मला अनुमोदन कोण देणार, कॅप्टन?"

"मीठ तुझ्यासमोरच आहे," कॅप्टन मान वर न करता म्हणायचे.

पुस्तक गाजलं. लांबलांबच्या गावांहून पत्रं येऊ लागली. आणि पेनिकटमध्ये, जिथे पूर्वी दर सभेत निदान एक खुर्ची मोडायची, तिथे सहा वर्षांत एकही मोडली नाही. लोक मला हातात घेऊन बघायचे. दर शनिवारी मला जवसाचं तेल लागायचं. मला वाटायचं, माझ्यासारखं भाग्य कोणाचं नाही.

मग तो ऑक्टोबरमधला गुरुवार आला.

दुपारी दोनची सभा. गावातले चाळीस पुरुष जमले होते. बायकांना सभेत मत नव्हतं आणि आवाजही नव्हता. यायचंच असेल तर दाराजवळच्या मागच्या बाकावर बसायचं, एवढीच मुभा. सभेपुढे विषय होता, चर्चच्या आवारात मेंढ्या चराव्यात का. एकाने म्हटलं चराव्यात. दुसऱ्याने उपसूचना आणली, की चराव्यात पण कोकरं नकोत. तिसऱ्याने उपसूचनेला उपसूचना आणली. सगळं अगदी नियमात चाललं होतं. माझं डोकं मात्र सकाळपासून फुगत होतं. दांडा इतका घट्ट बसला होता, की आणखी फुगलो तर तडा जाईल असं वाटत होतं. पण लाकूड बोलतं ते आपटल्यावरच.

तेवढ्यात दार उघडलं आणि लोइस न्यूकम आत आली. ती खालच्या आळीत कॉड मासे वाळवायचं काम करणारी विधवा. तिची सहा वर्षांची हल्डा शाळेत होती, आणि शाळा खालच्याच आळीत होती, कॅप्टननी बांधलेल्या बांधाच्या पायथ्याशी. लोइसचे पाय गुडघ्यापर्यंत भिजलेले होते.

"कॅप्टन, बांधावरून पाणी..."

कॅप्टननी मला आपटलं. "बाई, सभेपुढे मेंढ्यांचा विषय आहे."

"तुझ्या मेंढ्या आहेत का गं, लोइस?" म्हातारा झेनास क्रोवेल पुढच्या बाकावरून म्हणाला. झेनासची होडी गावात सगळ्यात जुनी आणि जीभ सगळ्यात धारदार. माणसं हसली.

"अहो, पाणी..."

पुन्हा मी आपटलो. त्या वेळी कॅप्टनचा अंगठा थरथरला आणि थंडी काही नव्हती. बांध त्यांचा स्वतःचा होता. त्यावरून पाणी येईल हे त्यांच्या गणितात नव्हतं.

"बाई, तुम्हाला बोलण्याची परवानगी दिलेली नाही."

तिसऱ्यांदा मी आपटलो. लोइस क्षणभर उभी राहिली. चाळीस चेहऱ्यांवरून तिने नजर फिरवली, जणू मोजत होती. मग वळली आणि गेली. मागच्या बाकापाशी फरशीवर तिच्या पावलांचं पाणी राहिलं.

मेंढ्यांचं मतदान व्हायला आणखी चौदा मिनिटं लागली. मग दाराखालून पाणी आत आलं.

खाली काय झालं ते मी नंतर ऐकलं. मास्तरीणबाईंनी मोठ्या मुलांना टेकडीकडे पळवलं होतं. उरलेल्या पाच लहानग्यांना लोइसने एकेक करून कोळशाच्या शेडच्या छपरावर चढवलं. सगळ्यात शेवटी हल्डाला. माणसं होड्या घेऊन पोचली तेव्हा छपरावर पाचही मुलं होती, ओली, निळी पडलेली, पण जिवंत. लोइस नव्हती. ती कधीच सापडली नाही. तिला एकटीला ते सगळं करावं लागलं नसतं. चौदा मिनिटं आणि चाळीस माणसं तिच्याबरोबर असती, तर.

चिटणीस फिन्नी हा प्रामाणिक माणूस. त्याने त्या सभेच्या इतिवृत्तात लिहिलं, "एक व्यक्ती नियमबाह्य बोलली. दखल घेतली नाही." पुढच्या सभेत ते वाचून दाखवलं. कोणी हरकत घेतली नाही. इतिवृत्त मंजूर झालं, आणि मंजुरीचा ठोका मीच दिला.

शाळा डागडुजी करून होती तिथेच पुन्हा भरू लागली. ओल्या भिंतींत मुलं दिवसभर खोकायची. जूनमध्ये ठराव आला, की ऑक्टोबरच्या आत शाळा टेकडीवर हलवावी. बहुतेकांना तो मान्य होता. टोपीत चिठ्ठ्या टाकून मतदान झालं. फिन्नीने मोजलं, थांबला, पुन्हा मोजलं.

"कॅप्टन, माणसं चाळीस आहेत. चिठ्ठ्या एक्केचाळीस."

जास्तीची चिठ्ठी शोधायला वेळ लागला नाही. ती भिजलेली होती. शाई पसरली होती, तरी 'हो' वाचता येत होतं.

"कोणाची ही?" कॅप्टननी विचारलं. त्यांनी ती चिठ्ठी बाजूला ठेवली. "मतं जुळत नाहीत. मतदान रद्द."

जुलैमध्ये पुन्हा तेच. ऑगस्टमध्ये फिन्नी दाराशी उभा राहिला आणि प्रत्येकाला एकेक चिठ्ठी स्वतःच्या हाताने दिली. चाळीस दिल्या. एक्केचाळीस परत आल्या. एकीला खाऱ्या पाण्याचा वास होता. आणि बाहेर कडक ऊन असताना मागच्या बाकाखाली फरशी ओली होती. बायकांनी त्या बाकावर बसणं केव्हाच सोडलं होतं.

"अहो, रद्द कशाला?" झेनास म्हणाला. त्याच्या आवाजात आता धार नव्हती. "एक काढून टाका, तरी ठराव पास होतोय."

"कशी काढू?" कॅप्टन म्हणाले. "मत कोणाचं हे न कळता मत काढता येत नाही. नियम आहे."

"आणि तुमचा नियम सांभाळायला पोरं त्या खड्ड्यात बसवायची, होय?"

कॅप्टननी मला उचललं, पण आपटलं नाही. हळूच खाली ठेवलं. तरी मतदान रद्दच राहिलं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी टेबलावर पडलो होतो. ते धक्क्याच्या नव्या भिंतीचा नकाशा काढत होते. ड्रुसिलाबाई दिवा पुसत होत्या.

"या भिंतीत ही बारीक बारीक भोकं कसली?" त्यांनी विचारलं. नवऱ्याच्या नकाशांच्या पन्नास नकला त्यांनी केल्या होत्या. भोकं कसली हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"मागे साठलेलं पाणी निघून जायला."

"आणि नाही ठेवली तर?"

"भिंत फुटते."

"बरं," ड्रुसिलाबाई म्हणाल्या, आणि दिवा पुसत राहिल्या.

कॅप्टनची पेन्सिल थांबली. मग त्यांनी आपलं पुस्तक काढलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, भिंत तपासावी तसं, बोट फिरवत. शेवटच्या पानापर्यंत त्यांना एकही भोक सापडलं नाही.

सप्टेंबरची सभा ऊन पडलेल्या, वारा नसलेल्या दुपारी झाली. भरती तेव्हा नव्हती. तरीही माझं डोकं फुगलं. कॅप्टन उभे राहिले आणि म्हणाले, "मतदानाआधी मला विचारायचं आहे, सभासद नसलेल्या कोणाला बोलू द्यावं, असा ठराव कोणी मांडणार आहे का?"

तेव्हा झेनास उठला. टोपी काढून त्याने छातीशी धरली होती.

"मी मांडतो. लोइस न्यूकमला बोलू द्यावं."

"अनुमोदन," चिटणीस फिन्नी म्हणाला. चिटणिसाने अनुमोदन द्यायचं नसतं. कॅप्टननी त्याला टोकलं नाही.

"विरोधात कोणी?" कॅप्टननी विचारलं. मग ते मागच्या बाकाकडे वळले. बाक रिकामा होता. "बाई, सभा ऐकते आहे. नियमाप्रमाणे दहा मिनिटं."

मित्रांनो, त्या दहा मिनिटांत मोठ्याने कोणी काही बोललं नाही. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. मागच्या बाकाखालून पाण्याची एक बारीक धार निघाली आणि दोन रांगांच्या मधून पुढे आली, सावकाश, रस्ता माहीत असल्यासारखी. माणसांनी बूट वर घेतले नाहीत. धार टेबलापाशी आली, टेबलाच्या पायावरून वर ओल चढली आणि माझ्या दांड्याला लागली. मी पाण्यातलं लाकूड आहे. मला ऐकू आलं. गेल्या ऑक्टोबरात मी ज्याच्यावर तीनदा आपटलो होतो, तेच वाक्य होतं, आता पूर्ण. बांधावरून पाणी येतंय, आणि मुलं खाली आहेत.

आणखी कोणाला ऐकू आलं, ते मला सांगता येणार नाही. त्या चाळिसांपैकी कोणीही पुढे कधी कबूल केलं नाही. पण दहावं मिनिट संपायच्या आत झेनास उठला आणि दाराकडे चालू लागला. मग त्याच्या शेजारचा. मग सगळे.

"उपस्थिती किती लिहू?" फिन्नीने घाईने विचारलं.

"एक्केचाळीस," कॅप्टन म्हणाले. "आणि ठराव एकमताने."

चिठ्ठ्या टाकल्या गेल्या नाहीत. सभा संपल्याचा ठोका पडला नाही. चाळीस माणसं भर दुपारी खालच्या आळीत गेली. समुद्र आरशासारखा पडलेला होता. त्यांनी मुलांना कडेवर, पाठीवर घेतलं आणि टेकडीवर नेलं. मग बाकं नेली, फळा नेला, शेगडी नेली. टेकडीवर मास्तरीणबाईंनी मुलं मोजली. कॅप्टननी पुन्हा मोजली. हल्डा झेनासच्या खांद्यावर बसून त्याच्या टोपीत गवत भरत होती.

समुद्र त्यानंतर एकोणीस दिवसांनी आला. मंगळवारी, सकाळी अकराला, शाळेच्या वेळी. जुन्या शाळेचा एक दगडही जागेवर राहिला नाही. तिथे कोणी नव्हतं.

पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत कॅप्टननी एक नियम वाढवला. कोणाच्या जिवाला धोका असेल, तर कोणीही, कोणालाही, केव्हाही मध्येच थांबवून बोलावं. त्याला परवानगी लागत नाही, अनुमोदन लागत नाही. त्या नियमाखाली कारण लिहिलेलं नाही.

आता मी गावच्या सभागृहात काचेच्या पेटीत असतो. शाळेची मुलं रांगेने येतात, नाक काचेला लावून बघतात. कधीकधी काच आतून ओली होते. राखणदार बाई पुसते आणि म्हणते, लाकूड दमट हवा धरतं. शेजारी फिन्नीची इतिवृत्ताची वही उघडी ठेवली आहे. त्या सप्टेंबरच्या पानावर 'सभा समाप्तीची वेळ' असं लिहिलं आहे आणि पुढची जागा कोरी आहे. कॅप्टन त्यानंतर चौदा वर्षं जगले, पण ती जागा त्यांनी भरू दिली नाही. आणि कॅप्टनच्याच नियमाप्रमाणे, ठोका पडत नाही तोवर सभा संपत नाही.

म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. मोठी माणसं महत्त्वाचं काही बोलत असतील, तर एरवी तुम्ही गप्प राहता ते चांगलंच आहे. रांगेत उभं राहावं, हात वर करावा, आपलं नाव घेतलं जाईपर्यंत थांबावं. पण दाराखालून पाणी येताना तुम्हाला दिसलं, शेजारच्या बाकावरचा कोणी श्वास घेईनासा दिसला, कुठे धुराचा वास आला, तर हात वर करून थांबू नका. तुमच्यासमोर कोणी माझ्यासारखं काही आपटलं, तरी थांबू नका. एकदा ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा सांगा, तिसऱ्यांदा सांगा. मागच्या बाकावरून सांगा.

सभा अजून चालू आहे. बोला.