छातीत अडकलेला श्वास

माझे वडील, अण्णा, रेल्वेत असताना कलकत्त्याला एका चिनी सुताराकडून श्वासाच्या बळावर पाय रोवून उभं राहण्याची विद्या शिकले. सोलापुरात परतल्यावर ते रोज सकाळी मैदानात मुलांना शिकवत. "ताकद खांद्यात नसते. ‘ची’ बेंबीखाली उतरू द्या, मग पाय जमीन सोडत नाहीत," असं सांगत. ‘ची’ म्हणजे श्वासाबरोबर अंगात फिरणारा प्राण. ते साठीत असतानाही पहिलवान त्यांना रेटत आणि अण्णा शांतपणे चहा पीत उभे असत.

चौऱ्याहत्तर साली ते गेले. तेराव्यानंतर वर्ग घ्यायला मी उभी राहिले, तेव्हा वर्गातला जालिंदर म्हणाला, "ताई, राग मानू नका, पण अण्णांसारखं उभं राहून दाखवा की. न्हाय जमलं तर आमी आपले तालमीत जातो."

त्यानं माझ्या हातांवर जोर दिला आणि मी मागे गेले. पोरं हसली.

"पुन्हा," मी म्हणाले.

अण्णा गेल्यापासून मी रडले नव्हते. सगळं छातीत धरून ठेवलं होतं, श्वाससुद्धा तिथंच अडकला होता. मी ते सोडलं. खांदे सैल पडले, श्वास हळूहळू पोटात उतरला आणि डोळे वाहू लागले. जालिंदरनं सगळा जोर लावला. माझे पाय हलले नाहीत.

त्यानं घाबरून हात काढले. "लागलं का, ताई?"

"नाही. रांगेत उभा राहा."