लिनोने गाळलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. मातीचा, पोटाने मोठा आणि आता कमरेला तडा गेलेला. कल्याणच्या मारुती कुंभाराने मला घडवले, भट्टीत भाजले आणि बोटाने टणटण वाजवून पाहिले. मग मी गवताच्या पेंढ्यांवर बसून होडीतून खाडीने ठाण्याला आलो. क्लेमेंटिनाबाईच्या नवऱ्याने मला पडवीत, भिंतीशी पुरून बसवले. तो लवकरच वारला. त्यानंतर त्या घरात क्लेमेंटिनाबाई, तिचा मुलगा लिनो आणि मुलगी स्टेला एवढीच माणसे उरली.

माझे पाणी गार असे. भाताच्या कापणीवरून येणारी माणसे वाट वाकडी करून आमच्याकडे पाणी प्यायला येत आणि माझी तारीफ करत. मला त्याचा अभिमान वाटे. माझ्या वरच्या कोनाड्यात मरियामायेची, येशूच्या आईची, लाकडी मूर्ती होती. रोज तिन्हीसांजेला क्लेमेंटिनाबाई तिथे गुडघे टेकून माळ जपत असे.

लिनो कल्याणला आगगाडीच्या कामावर लागला. तिथे तो वाचायला शिकला. गावात त्यांच्या जातीत तेव्हा वाचणारे कोणी नव्हते. एका उपदेशकाने त्याला मराठीतल्या शुभवर्तमानांचे, म्हणजे येशूच्या चरित्रांचे, पुस्तक दिले आणि म्हणाला, "सबंध वाच हो." लिनोने ते वाचले. पण त्याला वाचण्यापेक्षा वाचून दाखवण्याची हौस जास्त होती.

स्टेलाचे लग्न ठरले. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर गेल्या आणि नवरीच्या आंघोळीसाठी मानाचे पाणी, ज्याला उंबराचं पाणी म्हणतात ते, घेऊन आल्या. ते माझ्यात ओतले. क्लेमेंटिनाबाई कोनाड्यापुढे हात जोडून म्हणाली, "माये, काना गावच्या लग्नात तू सांभाळलंस, तसं माझ्या लेकीचं सांभाळ. काय कमी पडू देऊ नको."

लिनो हसला. "आय, त्या लग्नात येशू आपल्या आयला काय म्हणाला, ठाऊक हाय तुला?"

त्याने पुस्तक उघडले आणि सगळ्या बायकांसमोर खड्या आवाजात वाचले. लग्नघरचा द्राक्षारस संपला, आईने मुलाला तसे सांगितले, आणि तो म्हणाला, 'बाई, तुझा माझा काय संबंध?'

बायका कान देऊन पुढे सरकल्या.

"असं म्हणाला? आपल्या आयला?" क्लेमेंटिनाबाईने विचारले.

"असंच लिवलंय."

"पण रस तर केला ना त्यानं मागनं?"

"केला. पण त्याच्या मनानं. आयच्या सांगण्यानं नाय. तिचं काय चालत नाय, आय."

मित्रांनो, त्याचे बोट पानावर होते. त्या बोटाखाली पुढची ओळ होती. आई चाकरांना म्हणाली, तो सांगेल ते करा. आणि मग त्याने रांजण पाण्याने भरायला लावले आणि त्या पाण्याचा द्राक्षारस झाला. लिनोने ती ओळ वाचलेली होती. बायका आपल्याकडे कौतुकाने बघत आहेत हे त्याने पाहिले आणि पुस्तक मिटले.

लग्न पार पडले. त्यानंतर क्लेमेंटिनाबाई कोनाड्यापुढे बसेनाशी झाली. माळ खुंटीला टांगून राहिली. ती लिनोला एकदाच म्हणाली, "मना वाचता येत नाय, बाबा. तू सांगशील ते खरं." लिनोला तेव्हाच बोलता आले असते. तो कामाची वेळ झाली म्हणून निघून गेला. पुढे तो घरी यायचा तेव्हा पाणी प्यायलाही पडवीत थांबत नसे. कोनाड्याखाली उभे राहणे त्याला नको वाटे.

वर्षभराने स्टेला बाळंतपणाला माहेरी आली. कळा लांबल्या. शेजारणी म्हणाल्या, "क्लेमेंटिना, माळ घे गो हातात."

ती भिंतीला टेकून बसली होती. "माझा लेक शिकलेला हाय. तो म्हणतो तिचं चालत नाय. उगा कशाला तिला मधी घालू?" असे म्हणून ती हात मांडीखाली दाबून बसली. तिचे ओठ मात्र हलत होते आणि ती ते पुन्हा पुन्हा आवळत होती.

मुलगा झाला, पण त्याच्यात जीव थोडा होता. सुईण धावत बाहेर आली, माझ्यातून ओंजळभर पाणी घेतले आणि तो बाप्तिस्म्याविना जाऊ नये म्हणून आत जाऊन त्याच्या कपाळावर घालून त्याचा बाप्तिस्मा केला. थोड्या वेळाने तो गेला.

दुपारी लिनो कल्याणहून आला. आई त्याच्याकडे बघून म्हणाली, "मी मागितलं असतं, तर जगला असता का रे?"

लिनो माझा काठ धरून उभा राहिला. 

"ते मना ठाऊक नाय, आय. पण मागू नको, असं पुस्तकात कुठंच नाय. ते मी सांगितलं. पुढची ओळ मी मुद्दाम वाचली नाय."

"मुद्दाम?"

"होय."

क्लेमेंटिनाबाई रागावली नाही. रागावली असती तर त्याला बरे वाटले असते. ती म्हणाली, "वाच आता. सगळं."

तो जमिनीवर बसला आणि वाचू लागला. देवदूत मरियेला नमस्कार करतो, ते. तिची वयस्कर नातलग एलिझाबेथ तिला दारात पाहून 'माझ्या प्रभूची आई' म्हणते, ते. मरिया म्हणते की सगळ्या पिढ्या मला धन्य म्हणतील, ते. मग काना गावचे लग्न, शेवटपर्यंत. मग क्रूस. क्रूसावरून येशू आईकडे बघतो, शेजारी उभ्या असलेल्या शिष्याकडे बघतो आणि म्हणतो, 'बाई, हा बघ तुझा मुलगा.'

"बाई म्हणाला?" क्लेमेंटिनाबाईने विचारले.

"होय. लग्नातला तोच शब्द."

"मरतानासुद्धा तिची सोय लावत होता तो. म्हणजे तो शब्द आयला लोटायला नव्हता, लिनो."

लिनोने पुस्तकात तोंड लपवले. आतून स्टेलाचा क्षीण आवाज आला. तिने सारे ऐकले होते. ती म्हणाली, "दादूस, माझ्या पोराला मातीत ठेवायला तूच घेऊन जा."

ती लहानशी पेटी त्याने एकट्याने उचलली.

पुढे क्लेमेंटिनाबाई पुन्हा माळ जपू लागली. लिनो मागे उभा राही, पण प्रार्थनेत 'आम्हां पाप्यांसाठी विनंती कर' इथे आले की तो अंगणात निघून जाई. आईने त्याला क्षमा केली होती, स्टेलानेही केली होती. त्याला स्वतःला ते जमले नाही.

तीन वर्षांनी स्टेलाला मुलगी झाली. कार्मेल. स्टेलाने भावाला सांगितले की हिच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता तू हो.

"मी नको," लिनो म्हणाला. "दुसरा कोण बघ."

"तूच. आन् हिला वाचायला शिकव. हिला कोणाच्या तोंडाकडं बघाया लागू नये."

मग मला तडा गेला. पाणी राहीना, म्हणून मला उपटून अंगणात ठेवले. आता माझ्यात कोणी पाणी भरत नाही आणि कोणी माझी तारीफ करत नाही. पण दुपारी कार्मेल माझ्या सावलीत बसून मोठ्याने वाचते, एकेक अक्षर जोडत. लिनो जवळ बसतो. ती कंटाळून पान उलटू लागली की तो हळूच तिचे बोट धरतो आणि सुटलेल्या शब्दावर नेऊन ठेवतो.

मित्रांनो, फुटलेल्या भांड्यावर माया कोणी करो वा न करो. पण ज्यांना वाचता येत नाही ती माणसे तुमच्यावर भरवसा टाकून बसलेली असतात. त्यांना जपा.