टाकीपर्यंत न पोचलेला चोर

पाणीपुरवठा खात्याच्या कॉम्प्युटर विभागात काम करणारी ताई तशी तोंडाला कुलूप घालून वावरणारी बाई. पण सख्ख्या भावापुढे कसलं कुलूप? धाकटा सोन्या पेपरात बातमीदार होता आणि त्याची पहिली बातमी छापून आली तेव्हा हिनंच ती ऑफिसभर मिरवली होती.

म्हणून रविवारी चहा पिता पिता तिनं त्याला सगळं उलगडून सांगितलं. बिलांच्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरून कुणीतरी शिरलं होतं. ग्राहकांचे फोन नंबर गेले, बाकी काही गेल्याचं दिसत नव्हतं. पंप आणि टाक्या वेगळ्याच यंत्रणेवर. तिथवर जायला वाटच नाही.

"आता हे चोर 'बिल थकलंय, इथं दाबा' असले मेसेज पाठवतील. लोकांना तेवढं सावध कर. आमच्या साहेबांना फोन करून खात्री करून घे. आणि माझं नाव कुठं येऊ देऊ नकोस."

"ताई, मी काय परका आहे?" सोन्या हसला.

दोन दिवसांनी पेपर उघडला आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. 'शहराचं पाणी हॅकरांच्या मुठीत!' शेजारी डोक्यावर टोपी ओढून बसलेल्या बिनचेहऱ्याच्या माणसाचं चित्र. पंप वेगळे असल्याचं वाक्य औषधालाही नव्हतं. मेसेजचा इशारा तर पार गाळलेला. नाव नव्हतं, खरंय. पण 'कॉम्प्युटर विभागातील एका महिला अधिकाऱ्याने सांगितले' असं होतं. त्या विभागात बाई एकच होती.

ती बाहेर पडली तेव्हा शेजारचे काका दारात बादल्या, पातेली, अगदी फुलदाणीसुद्धा भरून मांडत होते. "काय गं, पाणी कधी तोडणार म्हणे ते?"

ऑफिसात साहेबांनी पेपर तिच्यापुढे सरकवला. "ही महिला अधिकारी कोण, हे मी विचारायला हवं का?"

"मीच, साहेब."

चौकशी होईपर्यंत तिची रवानगी जुन्या मीटरांच्या गोदामात झाली. दुपारी काकांचा रडवेला फोन आला. 'पाणी चालू ठेवायचं असेल तर इथं दाबा' असा मेसेज आला, त्यांनी घाबरून दाबलं, आणि बँकेचं खातं रिकामं झालं.

ती तडक सोन्याच्या घरी गेली.

"मथळा संपादकांनी दिला गं," दार उघडता उघडताच तो म्हणाला. "माझ्या हातात काय असतं?"

"आणि महिला अधिकारी कुणी दिली?"

तो वळून आत गेला. ती मागोमाग गेली.

"साहेबांना फोन केलास?"

"केला असता तर बातमीतली हवाच गेली असती."

ती खुर्चीत बसली. चूक झाली असती तर तिनं पोटात घातली असती. पण याला सगळं ठाऊक होतं! ठाऊक असून त्यानं तिला विकलं होतं.

रडू आवरून तिनं पेपर त्याच्यापुढे टाकला. "वाच. एकेक वाक्य वाच आणि सांग, हे घडलंय की घडू शकतं? तुला कुणी सांगितलं? आणि लोकांनी करायचं काय?"

सोन्या वाचत गेला, खोडत गेला. मूठभरही वाक्यं उरली नाहीत. मग त्यानं तिच्यासमोरच साहेबांना फोन लावला आणि नव्यानं लिहिलं: काय झालं, काय झालं नाही, काय अजून कळलेलं नाही, आणि मेसेज आला तर काय करू नये. चूक पेपरची होती, हेही लिहिलं. संपादकांनी ते आतल्या पानावर, गाद्यांच्या जाहिरातीखाली छापलं.

चौकशी संपली. ताकीद देऊन ताईला परत जागेवर बसवलं. काकांचे पैसे मात्र आले नाहीत, आणि काका अजूनही कुणाला दोष देत नाहीत, हेच तिला जास्त लागतं.

सोन्याचा फोन दर रविवारी येतो. "ऑफिसात काय चाललंय, ताई?"

"आईचे गुडघे दुखतायत," ती सांगते. "येऊन भेटून जा तिला."

आणि फोन आईच्या हातात देते.